नशेच्या चाचणीला लघवी घ्यायची की केस, हे सर्वांत शेवटी ठरवा

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रात प्रश्न दोन आहेत, पण दोन्हींमागची काळजी एकच आहे, म्हणून उत्तर एकत्रच देते. इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगायचं तर, तुम्ही आणि तुमचा भाऊ मालवाहतुकीचा व्यवसाय सांभाळता. दोन आठवड्यांपूर्वी तुमच्या एका जुन्या, विश्वासातल्या ड्रायव्हरने ट्रक मागे घेताना गोदामाच्या भिंतीवर घातला आणि मागे उभा असलेला हमाल थोडक्यात वाचला. ड्रायव्हर म्हणतो, रात्रभर झोप नव्हती आणि खोकल्याचं औषध घेतलं होतं. भाऊ म्हणतो, हा नशा करतो. सगळ्यांच्याच केसांची चाचणी करू, तीन महिन्यांचा हिशेब एका दमात मिळेल. त्यावर ड्रायव्हर म्हणाला, घ्या माझे केस. आणि पत्राच्या अखेरीस तुम्ही चार ओळींत लिहिलंत की एकोणीस वर्षांचा मुलगा हल्ली उशिरा घरी येतो, डोळे लाल असतात, बोलत नाही. तुम्ही लघवीतपासणीचं किट आणून कपाटात ठेवलंय आणि 'साधी तपासणी आहे' असं सांगून त्याचा नमुना घ्यावा का, असं विचारताय.

आधी ड्रायव्हरचं बोलते, कारण तिथे एका माणसाची भाकरी टांगणीला लागली आहे. अपघाताच्या सकाळी त्याच्या शरीरात काय होतं, हे आता कुठलीही चाचणी सांगू शकणार नाही. लघवीतून बहुतेक अमली पदार्थ दोन ते चार दिवसांत निघून जातात. दोन आठवडे म्हणजे फार झाले. केसांत मागच्या तीन महिन्यांची खूण राहू शकते, पण अमुक तारीख, अमुक सकाळ असं केस सांगत नाहीत. समजा त्याच्या केसांत गांजाचा अंश सापडला, तरी तो त्या दिवशी नशेत होता असं सिद्ध होत नाही. समजा काहीच सापडलं नाही, तरी त्या दिवशी तो शुद्धीत होता असं सिद्ध होत नाही. त्याने प्रामाणिकपणे केस देऊ केले आणि भावाने आत्मविश्वासाने ते मागितले, पण दोघांनाही हवं ते उत्तर त्या केसांत नाही.

ही गोष्ट मी विषविज्ञानाच्या प्रयोगशाळेत काम करताना मालकांना पुन्हा पुन्हा सांगत आले आहे. चाचणी कुठली करायची हा पहिला प्रश्न नव्हेच. निकाल हातात आल्यावर तुम्ही काय करणार, हा पहिला प्रश्न. त्याचं उत्तर कागदावर लिहून काढा. 'पॉझिटिव्ह आला तर आपण अमुक करू, निगेटिव्ह आला तर तमुक करू.' दोन्ही वाक्यं लिहिता येत नसतील, किंवा निगेटिव्ह आला तरी तुम्ही त्याच्यावर संशय घेतच राहणार असाल, तर चाचणी करून पैसा आणि माणूस दोन्ही गमवाल.

आता लघवीच्या चाचणीचं नीट समजून घ्या, कारण जगभर नोकरीच्या जागी सगळ्यात जास्त वापरली जाते ती हीच. अमेरिकेत १९८६ मध्ये राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांसाठी अमली पदार्थमुक्त कामाच्या जागेचा आदेश काढला आणि १९८८ मध्ये चाचण्यांची सक्तीची नियमावली आली. ती लघवीपुरतीच होती. प्रयोगशाळांत आज जे कट-ऑफचे, म्हणजे पॉझिटिव्ह धरायच्या सीमेचे, आकडे सर्रास बोलले जातात, त्यांतले बरेच त्या नियमावलीतून आलेले आहेत.

चाचणी दोन टप्प्यांत होते आणि सगळा घोटाळा बहुधा या दोन टप्प्यांत फरक न केल्यामुळे होतो. पहिला टप्पा स्क्रीनिंगचा. यात प्रतिपिंडं, म्हणजे ठरावीक रचनेच्या पदार्थाला चिकटणारी प्रथिनं, वापरतात. ही प्रतिपिंडं दारावरच्या पहारेकऱ्यासारखी असतात: चेहऱ्याची ठेवण जुळली की अडवायचं, नाव-गाव विचारायचं नाही. त्यामुळे रचना मिळतीजुळती असलेली भलतीच औषधंही अडकतात. बंद नाकासाठी घेतलेलं स्यूडोएफेड्रिन, रक्तदाबावरचं लॅबेटालॉल किंवा नैराश्यावरचं ब्युप्रोपिऑन घेणाऱ्याची अ‍ॅम्फेटामिनची स्क्रीनिंग पॉझिटिव्ह येऊ शकते. लिव्होफ्लॉक्सासिन, ऑफ्लॉक्सासिन या साध्या प्रतिजैविकांनी अफूवर्गाची चाचणी चकू शकते. कोरड्या खोकल्याच्या औषधातल्या डेक्स्ट्रोमेथॉर्फनमुळे फेनसायक्लिडिन या नशेच्या पदार्थाची चाचणी फसू शकते. म्हणूनच स्क्रीनिंगच्या पॉझिटिव्हला आम्ही 'संभाव्य' म्हणतो, त्याहून जास्त काही नाही.

दुसरा टप्पा पक्क्या तपासणीचा. यात मास स्पेक्ट्रोमेट्रीने रेणूची ओळख पटवतात. इथे मिळतंजुळतं चालत नाही. तोच पदार्थ आहे की नाही, आणि किती आहे, हे कळतं. कुणाच्याही नोकरीबद्दल, पगाराबद्दल, चारित्र्याबद्दल कुठलाही निर्णय या टप्प्याआधी घेऊ नका. अगदी तोंडी ताशेराही नको. एकदा गोदामात कुजबुज सुरू झाली की नंतर आलेला निगेटिव्ह रिपोर्ट कुणी वाचत नाही.

कट-ऑफ म्हणजे ज्या पातळीच्या वर पॉझिटिव्ह धरायचं ती पातळी. गांजासाठी त्या नियमावलीत स्क्रीनिंगला मिलिलिटरमागे ५० नॅनोग्रॅम आणि पक्क्या तपासणीला १५ नॅनोग्रॅम अशी रेषा आहे. म्हणजे 'निगेटिव्ह'चा अर्थ शरीरात काहीच नव्हतं असा नसून, रेषेच्या वर नव्हतं एवढाच आहे. रेषा कुठे आखायची यावरही बरंच अवलंबून असतं. अफूवर्गासाठी ही रेषा पूर्वी ३०० नॅनोग्रॅमवर होती. खसखस अफूच्याच बोंडातून येते आणि तिच्यात मॉर्फिनचा अंश राहतो, त्यामुळे खसखशीचे पदार्थ खाल्लेली निर्दोष माणसं त्यात अडकत होती. १९९८ मध्ये ती रेषा २००० वर नेली. तुम्ही ज्या लॅबकडे जाल तिथे आधी विचारा की तुमची रेषा कुठे आहे. उत्तर देताना ते अडखळले तर दुसरी लॅब शोधा.

कुठला पदार्थ किती दिवस दिसतो, याचे आकडे इंटरनेटवर छातीठोकपणे दिलेले असतात. ते ढोबळ समजा. कोकेनचा अंश लघवीत साधारण दोन ते चार दिवस, अ‍ॅम्फेटामिनचा दोन-तीन दिवस. हेरॉईनची खास खूण तर दिवसभरात पुसली जाते आणि मागे नुसतं मॉर्फिन उरतं. गांजाचं मात्र वेगळं आहे. तो चरबीत साठतो आणि हळूहळू पाझरतो. एखाद्याने एकदाच ओढला तर एक ते तीन दिवस, पण रोज ओढणाऱ्याने सोडल्यावरही महिनाभर, कधी त्याहून जास्त काळ लघवी पॉझिटिव्ह येऊ शकते. आता विचार करा. सुटीत गांजा ओढून तीन आठवडे हात न लावलेला माणूस पॉझिटिव्ह, आणि परवा रात्री कोकेन घेऊन आज झिंग उतरल्यामुळे सुस्तावलेला माणूसही पॉझिटिव्ह. रिपोर्टवर दोघांपुढे शब्द एकच. गाडी कोणाच्या हातात द्यायची, हे तो शब्द सांगत नाही.

नशा चढलेली असणं आणि लघवीत अंश असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दारूच्या बाबतीत श्वासाची चाचणी त्या घडीची स्थिती बऱ्यापैकी दाखवते. बाकीच्या पदार्थांसाठी तितकी सरळ चाचणी आजही नाही. रक्ततपासणी त्या घडीच्या जवळ जाते, पण अंश काही तासांतच उतरू लागतो, आणि गांजाच्या बाबतीत रक्तातल्या आकड्यावरून माणूस किती चढलेला आहे हे खात्रीने सांगता येत नाही.

तुमच्या ड्रायव्हरच्या खोकल्याच्या औषधाकडे येते, कारण सगळा विषय त्या एका बाटलीत सापडतो. त्या औषधात कोडीन असेल, तर कोडीनचं शरीरात मॉर्फिन होतं आणि लघवीत अफूवर्ग खरोखरच सापडू शकतो. तो खोटा पॉझिटिव्ह नव्हे. पदार्थ आहे, पण डॉक्टरांनी दिलेला आहे. चिठ्ठी दाखवली की नशेचा आरोप संपला. पण गाडीचा प्रश्न संपत नाही, कारण कोडीनने झोप येते. आता समजा औषधात कोडीन नव्हतं, क्लोरफेनिरामिन होतं. सर्दीच्या कितीतरी गोळ्यांत ते असतं. त्यानेही चांगलीच गुंगी येते, आणि अमली पदार्थांच्या कुठल्याही नेहमीच्या चाचणीत ते तपासलंच जात नाही. म्हणजे त्या सकाळी तुम्ही त्याची लघवी तपासली असती, तर रिपोर्ट स्वच्छ आला असता आणि हमाल तरीही चाकाखाली येऊ शकला असता. वर रात्रभर झोप नाही. झोपेचं कर्ज कुठल्याही लघवीत दिसत नाही. म्हणून त्याला केस मागण्याआधी त्याला मागच्या आठवड्यात किती तास गाडीवर ठेवलं होतं, ती नोंदवही उघडा. हे मी त्याची बाजू घेऊन म्हणत नाही. दोषी असला तरी कारण कळायला हवं, नाहीतर पुढची धडक दुसऱ्याच ड्रायव्हरकडून होईल.

केसांच्या चाचणीवर भावाचा फार भरवसा दिसतो. ती वाईट चाचणी नाही. योग्य जागी ती जे सांगते ते लघवी सांगू शकत नाही. रक्तातून पदार्थ केसाच्या मुळाशी पोचतो आणि केस वाढताना त्यात अडकून राहतो. थोडा घामातून, तेलग्रंथींतूनही लागतो. डोक्याचा केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतो. म्हणून टाळूच्या अगदी लगत कापलेला सुमारे ३.८ सेंटिमीटरचा, म्हणजे दीड इंचाचा तुकडा घेतला की साधारण ९० दिवसांचा काळ हाती येतो. शंभरएक केसांची बट लागते. त्यात फेरफार करणं अवघड, नमुना घेताना कुणाला संडासाच्या दारापाशी उभं राहावं लागत नाही, आणि तीन दिवस आधी सोडून सुटका होत नाही. नवीन माणूस नोकरीवर घेताना त्याची सवय काय आहे, किंवा व्यसनमुक्तीनंतर कुणी काही महिने खरंच दूर राहिला आहे का, या प्रश्नांना केस चांगले.

पण नुकताच घेतलेला पदार्थ केसात दिसत नाही. केस टाळूबाहेर यायलाच पाच ते दहा दिवस लागतात. म्हणून अपघातानंतर लगेच केस घेणं व्यर्थ. क्वचित कधीतरी एकदा घेतलेलं बहुधा सुटून जातं; गांजा तर केसात फारच कमी मुरतो. त्यातही गांजाचा मूळ घटक दुसऱ्याच्या धुरातून किंवा हाताला लागूनही केसावर बसू शकतो. माणसाने स्वतः घेतला हे म्हणायला शरीरातच तयार होणारं त्याचं आम्ल सापडावं लागतं, आणि ते पिकोग्रॅममध्ये मोजावं लागतं. पिकोग्रॅम म्हणजे नॅनोग्रॅमचा हजारावा भाग. ते मोजण्याची यंत्रणा नसलेल्या लॅबने केसात गांजा सापडल्याचं सांगितलं तर त्यावर सही करू नका. कोकेनचंही तसंच: चांगली लॅब आधी केस धुते, धुतलेलं पाणीही तपासते आणि शरीरातून गेल्याशिवाय न बनणारे घटक शोधते.

केसाच्या रंगाचा प्रश्न मला सर्वांत जास्त सलतो. काळ्या केसातल्या मेलॅनिन या रंगद्रव्याला कोकेन, अ‍ॅम्फेटामिन यांसारखे पदार्थ जास्त चिकटतात. सारख्याच मात्रेनंतर काळ्या केसात फिक्या केसापेक्षा जास्त अंश सापडू शकतो. उलट ब्लीच केलेले, पर्म केलेले केस अंश गमावतात. बॉस्टनच्या पोलिस खात्यात केसांच्या चाचणीवरून कारवाई झालेल्या कृष्णवर्णीय अधिकाऱ्यांनी २००५ मध्ये खटला भरला, आणि २०१४ मध्ये अपील न्यायालयाने मान्य केलं की या चाचणीचा फटका कृष्णवर्णीयांना लक्षणीयरीत्या जास्त बसला होता. त्यामागे रंग किती आणि बाहेरून लागलेला अंश किती, यावर तज्ज्ञांत अजून वाद आहे. पण वाद शिल्लक असताना एखाद्याची नोकरी फक्त केसावर घालवायची हे मला पटत नाही. अमेरिकेत केसांच्या चाचणीसाठी २०२० मध्ये जो सरकारी मसुदा मांडला गेला, त्यातही केस पॉझिटिव्ह आल्यावर लघवीसारखा दुसरा नमुना जोडीला घेण्याची तरतूद होती, ती याच शंकांपोटी.

आणि टोरंटोची गोष्ट तुमच्या भावाला जरूर वाचून दाखवा. तिथल्या मुलांच्या मोठ्या रुग्णालयात मदरिस्क नावाची प्रयोगशाळा होती. तिच्या केसांच्या रिपोर्टवरून आईवडिलांना व्यसनी ठरवून मुलं काढून घेण्याचे निर्णय झाले. निवृत्त न्यायाधीश सुझन लँग यांनी चौकशी करून २०१५ च्या डिसेंबरमध्ये अहवाल दिला, की २००५ ते २०१५ या काळातल्या या चाचण्या अशा कामासाठी अपुऱ्या आणि भरवशाच्या नव्हत्या. कितीतरी वर्षं स्क्रीनिंगचाच निकाल पक्का म्हणून दिला गेला होता, दुसरा टप्पा नव्हताच. त्यानंतरच्या आयोगाने २०१८ मध्ये सांगितलं की ५६ प्रकरणांत या चाचण्यांचा निकालावर मोठा परिणाम झाला होता. चूक उघड झाल्यावरही त्यांतली फारच थोडी मुलं आईवडिलांकडे परतू शकली. दत्तक गेलेलं मूल कोण परत आणणार? पांढऱ्या कोटातल्या माणसाने आकडा लिहून दिला की समोरचे विचारायचं थांबतात. तुम्ही थांबू नका.

म्हणून तुमच्या व्यवसायासाठी माझं मत असं आहे. सगळ्यांचे केस सरसकट घेऊ नका. आधी लेखी धोरण करा: कोणत्या कामासाठी, कोणत्या प्रसंगी, कोणती चाचणी, निकाल कोण पाहणार, पुढे काय होणार. ज्यांच्या हातात गाडी किंवा फोर्कलिफ्ट आहे त्यांच्यापुरतंच ठेवा. हिशेब लिहिणाऱ्या मुलीच्या लघवीशी तुमचा संबंध नाही. गाडी तुमचा भाऊही चालवत असेल तर त्याचंही नाव यादीत हवं, आणि पहिलं हवं. हे धोरण तुमच्याकडच्या कामगार कायद्याच्या जाणकाराला दाखवून घ्या, कारण संमती कशी घ्यायची आणि चिठ्ठ्या टाकून अचानक चाचणी करता येते का, याचे नियम ठिकठिकाणी वेगळे आहेत. अपघात झाला किंवा कामावर कुणी झिंगलेला दिसला तर त्याच दिवशी, शक्यतो पहिल्या काही तासांत श्वास आणि लघवी. लाळेची चाचणीही अशा वेळी उपयोगी पडते. ती मागचा एखाद-दोन दिवसांचा काळ दाखवते आणि नमुना सगळ्यांसमोर घेता येतो. झिंगलेला दिसला म्हणजे काय दिसलं, तेही दोघांनी मिळून लिहून ठेवावं: बोलणं अडखळत होतं, तोल जात होता, वेळ काय होती. ही टिपणं पुष्कळदा लॅबच्या आकड्यापेक्षा जास्त कामाची ठरतात.

नमुना घेताना माणसाचा मान राखा. बंद दाराआड त्याला एकट्याला जाऊ द्या. बाहेर आल्यावर चार मिनिटांच्या आत नमुन्याचं तापमान बघतात. ते ३२ ते ३८ अंश सेल्सिअस असावं लागतं. लॅब क्रिएटिनिन हा लघवीतला नैसर्गिक घटक तपासते. डेसिलिटरमागे २० मिलिग्रॅमच्या खाली असेल तर लघवी पातळ आहे असं म्हणतात. पातळ म्हणजे लबाडी असं लगेच धरू नका, उन्हातान्हात काम करणारा माणूस भरपूर पाणी पितो. दुसऱ्यांदा नमुना घ्या, शक्यतो सकाळचा. नमुन्याचे त्याच्यासमोर दोन भाग करून सीलबंद करावेत, त्याची सही घ्यावी आणि बाटली कुणाच्या हातून कुणाच्या हातात गेली याची प्रत्येक नोंद असावी. दुसरा भाग त्याच्या हक्काचा. निकाल मान्य नसेल तर तो दुसऱ्या लॅबकडे पाठवता आला पाहिजे.

आणि पॉझिटिव्ह रिपोर्ट थेट तुमच्या टेबलावर येता कामा नये. मध्ये डॉक्टर हवा. तो आधी त्या माणसाला एकांतात विचारेल, कोणती औषधं चालू आहेत, चिठ्ठी आहे का. हे तुम्ही स्वतः विचारू नका. औषधांच्या यादीतून कुणाचं नैराश्य, कुणाचा फिट्सचा आजार, कुणाचे व्यसनमुक्तीचे उपचार असं काय काय उघडं पडतं. तुम्हाला डॉक्टरांकडून एकच ओळ हवी: हा माणूस आज गाडी चालवायला योग्य आहे की नाही. बाकी सगळं त्याचं खाजगी. आणि खरंच व्यसन निघालं तर पहिल्या वेळी काढून टाकण्याऐवजी गाडीवरून उतरवून दुसरं काम द्या, उपचाराला वेळ द्या आणि परत येताना ठरावीक काळ चाचण्या ठेवा. उपचाराची वाट दिसली तर माणसं आपणहून सांगतात. घरी बसवलं जाण्याची भीती असली तर लपवतात आणि लपवत गाडी चालवतात.

ड्रायव्हरला उद्या बोलावून सांगा की त्याचे केस तुम्हाला नकोत. औषधाची बाटली आणि चिठ्ठी घेऊन त्याला डॉक्टरांकडे पाठवा, झोपेची आणि रक्तातल्या साखरेची तपासणी करून घ्या, डोळे तपासून घ्या. डॉक्टरांनी हरकत नाही म्हणेपर्यंत गाडी नको, पगार चालू ठेवा.

आता तुमचा मुलगा. त्याला फसवून नमुना घेऊ नका. तो एकोणीस वर्षांचा आहे, सज्ञान आहे. वय बाजूला ठेवलं तरी अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना, अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स, समजत्या वयाच्या मुलांची त्यांच्या मर्जीविरुद्ध अशी चाचणी करायला विरोध करते. कारण साधं आहे. फसवणूक कळल्या दिवशी घरातलं बोलणं पूर्ण थांबतं, आणि तुमच्याकडे आत्ता जे काही साधन आहे ते बोलणंच आहे.

शिवाय ते किट तुम्हाला वाटतं तेवढं जाणतही नाही. पट्टीवर रेघ उमटली तर निगेटिव्ह, रेघ नसली तर पॉझिटिव्ह, असा त्याचा उलटा हिशेब असतो. रेघ कितीही पुसट असली तरी ती निगेटिव्हच. पण रात्री एक वाजता थरथरत्या हाताने बघणारी आई पुसट रेघेला पॉझिटिव्ह समजते आणि मग जे व्हायचं ते होतं. नियंत्रणाची रेघ आलीच नाही तर पट्टी बाद. दिलेल्या वेळेनंतर वाचलेली पट्टीही बाद. आणि निगेटिव्ह आली म्हणून निश्चिंत व्हावं तर अफूवर्गाच्या पट्टीत फेंटानिल, ट्रॅमाडॉल, मेथाडोन सापडत नाहीत. झोपेच्या गोळ्यांच्या पट्टीतून क्लोनाझेपाम, लोराझेपाम निसटू शकतात. मेफेड्रोन, कृत्रिम गांजा, हुंगायचे पातळ द्रव यांना नेहमीच्या किटमध्ये बहुधा जागाच नसते. लाल डोळ्यांना आणि उशिरा येण्याला इतर कारणंही असतात. प्रेम तुटलेलं असेल, परीक्षा बुडाली असेल, रात्ररात्र मोबाईल चालत असेल, नैराश्य असेल. यातलं काहीही लघवीत दिसत नाही, आणि यातलं शेवटचं कारण तर नशेइतकंच तातडीचं आहे.

त्याच्याशी बोला, पण रात्री तो आल्या आल्या दारात नको. दुसऱ्या दिवशी, जेवण झाल्यावर, भाऊ-काका कुणी नसताना. 'मी किट आणलं होतं, वापरलं नाही, कारण तुला फसवून मला काही जाणून घ्यायचं नव्हतं' हे स्वतःच सांगा. काय दिसतं तेवढंच सांगा: जेवण कमी झालंय, वजन उतरलंय, जुने मित्र येत नाहीत. मग गप्प बसा आणि त्याला बोलू द्या. पहिल्या दिवशी तो काही बोलणार नाही, कदाचित उठून जाईल. चार दिवसांनी पुन्हा बसा. तो तयार असेल तर मानसोपचारतज्ज्ञाकडे किंवा समुपदेशकाकडे जा, आणि पहिली वेळ त्याला एकट्याला आत जाऊ द्या. तिथे चाचणीची गरज वाटली तर ती त्याच्या संमतीने, त्याच्या उपचारासाठी होईल. पुढे निगेटिव्ह रिपोर्ट पाहून बरं वाटतं असं पुष्कळ मुलं स्वतः सांगतात, पण तेव्हा ते त्यांचं स्वतःचं पाऊल असतं.

फक्त एका प्रसंगी बोलण्याची वाट बघू नका. तो हाका मारूनही उठत नसेल, श्वास फार मंद किंवा अडखळत असेल, घशातून घरघर येत असेल, ओठ निळसर झाले असतील, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या असतील, तर किटला हात लावू नका. त्याला कुशीवर वळवा, रुग्णवाहिका बोलवा आणि ती येईपर्यंत त्याच्याजवळून हलू नका. खोलीत गोळ्यांचं पाकीट, पुडी, बाटली काही सापडलं तर ते डॉक्टरांच्या हातात द्या. तिथे लघवीच्या रिपोर्टपेक्षा ते जास्त उपयोगाचं असतं. झिंगण्याची इतर लक्षणं असतील आणि जीव घाबरा होत असेल तरी हेच करा. दवाखान्यात खरं सांगायला लाजू नका.

त्याच्याशी बोलणं झालं की मला पुन्हा लिहा. त्याचं नाव लिहू नका, काय म्हणाला तेवढं लिहा.